तेलावर तरंगणारा दांडा

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. फोक्सवॅगन पोलोची जीटी टीएसआय ही गाडी २०१३ साली आली, तिचं इंजिन ११९७ सीसीचं. म्हणजे मापाने दोन्ही जवळजवळ सारखीच. पहिली गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली, दुसरी पुण्याजवळच्या चाकणच्या. पद्मिनीचं इंजिन फार तर ७० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क द्यायचं, तोही मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या सुमाराला. पोलोचं इंजिन टर्बोच्या बळावर १७५ न्यूटन-मीटर देतं आणि त्यासाठी त्याला १५०० फेऱ्या पुरतात. अडीच पट जोर, तोही निम्म्या वेगाला. हा सगळा जोर इंजिनात एका ठिकाणी येऊन पडतो, तो क्रँकशाफ्ट आणि त्याला धरणाऱ्या बेअरिंगांच्या मधल्या फटीत.

नीट सांभाळलेलं बेअरिंग दोन लाख किलोमीटर सहज जातं. तरीही मुंबईच्या अंधेरी, साकीनाका, घाटकोपरच्या गॅरेजांतून अधूनमधून ऐकू येतं की अमक्याच्या टर्बो गाडीचं बेअरिंग साठ हजारांतच गेलं. ऐकणारा लगेच निष्कर्ष काढतो: पोरगा गाडी पळवत असणार. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. उपनगरातल्या टर्बो गाडीचं बेअरिंग बहुतेक वेळा मंद चालीत पडणाऱ्या ओझ्याने जातं. का, ते समजायला या वस्तूच्या घराण्यात बरंच मागे जावं लागतं.

सगळ्यात जुना पूर्वज आपल्या गावाकडच्या बैलगाडीत सापडतो. लोखंडी आस, त्यावर फिरणारा चाकाचा तुंबा, आणि मध्ये एरंडेलाचं वंगण. कुरकुर सुरू झाली की गाडीवान थांबायचा, वंगण घालायचा आणि पुढे निघायचा. झीज होणारच, हे त्यात धरलेलं होतं. एरंडेल मोटारीच्या इंजिनातही पोचलं. १९०९ साली इंग्लंडात चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीने खनिज तेलात एरंडेल मिसळून इंजिनाचं तेल विकायला काढलं आणि त्याला कॅस्ट्रॉल नाव दिलं. त्या कंपनीच्या भारतीय शाखेचा कारभार कितीतरी वर्षं अंधेरी पूर्वेच्या महाकाली केव्ह्ज रोडवरून चालला.

मधला टप्पा रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी आजच्या कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या हद्दीतूनच गेली. त्या काळच्या डब्यांच्या चाकांना बॉल किंवा रोलर बेअरिंग नव्हतं. आसाच्या टोकावर धातूची एक अर्धगोल गादी बसवलेली असायची आणि डब्याचं सगळं वजन त्या गादीवर. तेल कमी पडलं की आस तापायचा, कधी पेटायचा. रेल्वेत आजही त्याला ‘हॉट ॲक्सल’ म्हणतात. गादीच्या आत ओतलेला मऊ धातू अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली शोधलेला होता. त्यात मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि थोडं तांबं. आपल्याकडे त्याला व्हाइट मेटल म्हणतात. पोलादी आसाखाली इतका मऊ धातू कशाला, असं वाटेल. पण धुळीचा कण आत शिरला तर मऊ धातू तो स्वतःत रुतवून घेतो, आस ओरखडत नाही. तेल क्षणभर तुटलं तर मऊ धातू घासतो, आस वाचतो. महाग वस्तू वाचवायला स्वस्त वस्तूने झिजायचं, हा या घराण्याचा धर्म तिथून सुरू झाला आणि आजपर्यंत टिकून आहे.

पण बेअरिंग नेमकं चालतं कशावर, हे तोवर कोणालाच नीट माहीत नव्हतं. तेल लावल्याने पृष्ठभाग निसरडे होतात, इतकीच समज. ते कोडं बोशां टॉवर या इंग्रज अभियंत्याकडून जवळजवळ अपघाताने सुटलं. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी तो रेल्वेच्या आसाचं घर्षण मोजत होता. १८८३ साली त्याचा पहिला अहवाल आला. त्याची मांडणी अशी होती की आसाचा खालचा भाग तेलाच्या पात्रात बुडालेला आणि वर अर्धं बेअरिंग दाबून बसवलेलं. तेल सोडायला बेअरिंगच्या माथ्याला एक भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून उसळून वर यायला लागलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने भोकावर दाबमापक लावला. काटा चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवर तर सरासरी शंभर पौंडांचाच भार होता.

म्हणजे आस बेअरिंगला टेकलेलाच नव्हता. फिरता फिरता तो तेल आपल्याखाली ओढून घेत होता आणि त्या तेलाच्या दाबावर उचलला जाऊन तरंगत होता. भर पावसात वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर वेगाने जाणाऱ्या गाडीचं चाक साचलेल्या पाण्यावर उचललं जातं आणि रस्ता सोडतं, तसंच हे. रस्त्यावर ते जिवावर बेततं. इंजिनात सगळा जीव त्यावरच तगलेला आहे.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्यामागचं गणित मांडलं. तेलाचा थर किती जाड राहणार हे तीन गोष्टींवर ठरतं: तेलाचा दाटपणा, दांड्याचा वेग आणि त्यावरचा भार. दाटपणा आणि वेग वाढला की थर वाढतो, भार वाढला की घटतो. पुढे १९०२ साली रिखार्ड श्ट्रिबेक यांनी प्रयोगांनी दाखवलं की वेग एका मर्यादेखाली उतरला की धातू धातूला भिडू लागतो आणि घर्षण एकदम चढतं. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढची सव्वाशे वर्षं नीट दिसतात.

मोटारगाडी आली तेव्हा बेअरिंग अजून हाताने घडवायची वस्तू होती. व्हाइट मेटल भरणं हे अवघड कसब. आधी बेअरिंगच्या जागेला कल्हई करायची, म्हणजे धातू धरून राहील. मग व्हाइट मेटल वितळवायचं. लाकडाची काडी बुडवली की काळी पडायला हवी पण पेटायला नको. ती खूण पटली की ओतायचं. थंड झाल्यावर लेथवर आतून बोअर करायचं. त्यानंतर क्रँकवर निळा रंग चोपडून क्रँक फिरवायचा, बेअरिंगवर जिथे रंग उमटेल तेवढंच स्क्रेपरने तासायचं, पुन्हा रंग, पुन्हा तासणं, असं निळे ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. एक बेअरिंग एकाच क्रँकचं होऊन जायचं. ज्यांना असे मिस्त्री बघायला मिळाले त्यांनी हाताचं माप म्हणजे काय ते पाहिलं, असं मी मनापासून मानतो.

पण व्हाइट मेटलचा जाड थर गरम होऊन वारंवार ठोके खाल्ले की तडकायचा. इंजिनांचा जोर वाढला तशी ही उणीव टोचू लागली. उत्तर अमेरिकेत निघालं: पोलादाच्या पातळ पट्टीवर बेअरिंगच्या धातूचा अगदी बारीक थर चढवायचा, पट्टी अर्धगोल वळवायची आणि ती सुटी कवचं जागेवर नुसती दाबून बसवायची. थर जितका पातळ तितका तो कमी थकतो, हे त्यातलं मर्म. क्लीव्हलंडच्या कंपनीकडून याचा परवाना १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला टोनी व्हँडरवेल या इंग्रज उद्योजकाने घेतला आणि लंडनच्या ॲक्टन भागात ‘थिनवॉल’ बेअरिंगांचा कारखाना काढला.

बेअरिंगच्या इतिहासातला सर्वांत मानाचा क्षण याच माणसामुळे आला. व्हँडरवेल शर्यतींचा वेडा. त्याने फेरारीच्या शर्यतीच्या गाड्या विकत घेतल्या, सुधारल्या आणि ‘थिनवॉल स्पेशल’ या नावाने पळवल्या. मग स्वतःची गाडी बांधली, तिचं नाव व्हॅनवॉल, आपल्या आडनावातला अर्धा आणि बेअरिंगच्या नावातला अर्धा भाग जोडून. १९५८ साली फॉर्म्युला वनमध्ये गाडी बनवणाऱ्यांसाठी पहिल्यांदाच अजिंक्यपद ठेवलं गेलं. ते व्हॅनवॉलने मिळवलं. स्टर्लिंग मॉस आणि टोनी ब्रूक्स यांनी त्या हंगामात व्हॅनवॉलमधून तीन-तीन शर्यती जिंकल्या. इंजिनाच्या पोटात दडलेल्या एका कवचाचं नाव गाडीच्या नाकावर झळकलं, असं त्याआधी झालेलं मला ठाऊक नाही.

सुटं कवच आपल्याकडे आलं ते कुर्ल्यामार्गे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिथून पुढे निघालेल्या फियाट ११०० आणि मग पद्मिनीचं इंजिन मुळात १९३७ सालचं. आजूबाजूला कांदिवलीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना, विक्रोळीत गोदरेज, भांडुप-मुलुंडच्या एलबीएस मार्गावर एकाला लागून एक इंजिनिअरिंगचे कारखाने. तिथे हात तयार झालेले फिटर, टर्नर, ग्राइंडर पुढे साकीनाका, कुर्ला, घाटकोपरच्या गाळ्यांत स्वतःची लेथ टाकून बसले. तिकडे पुण्यात १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनेही इंजिनांबरोबर बेअरिंगं बनवायला घेतली.

त्यातून दुरुस्तीची एक पक्की रीत रुळली. पद्मिनीचा क्रँक घासला की तो गाळ्यात यायचा, ग्राइंडिंग मशीनवर चढायचा आणि दहा थाऊ, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, कमी करून परत जायचा. बरोबर ‘दहा’चा बेअरिंग सेट. पुढच्या वेळी ‘वीस’, मग ‘तीस’. दुकानदाराला गाडीचं नाव आणि आकडा सांगितला की तो न बघता फळीवरून डबी काढायचा. हाफ इंजिन, फुल इंजिन हे शब्द टॅक्सीवाल्यांच्या बोलण्यात रोजचे होते. एकेका क्रँकला तीन-चार जन्म मिळायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तोवर ही रीत चालू होती.

टर्बो या गोष्टीत बाहेरून आला, तो तसा जुनाच. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांचं पेटंट १९०५ सालचं. जहाजं आणि विमानं यांच्या इंजिनांत तो आधी रुळला. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर या पेट्रोल गाड्यांना तो लागला, १९७३ मध्ये बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, त्यापाठोपाठ पोर्शे ९११ टर्बो. या सगळ्या पिढीचा टर्बो उशिरा जागा व्हायचा. फेऱ्या चढल्या की एकदम धक्का द्यायचा. चालवणाऱ्याला ते त्रासाचं होतं, बेअरिंगच्या मात्र सोयीचं: भार येईपर्यंत वेग आलेला असायचा, आणि वेग आला की थर जाड.

महाराष्ट्रात टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स गाडी बांधली जाऊ लागली ती औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला. २००४ साली स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस आणली: १.८ लिटर, १५० अश्वशक्ती. तिचा टॉर्क १७५० फेऱ्यांनाच पूर्ण मिळायचा. मग चाकणची पोलो, २०१५ मध्ये रांजणगावची अबार्थ पुंतो. टर्बो लहान झाले, हलके झाले, लवकर जागे होऊ लागले. जाहिरातीत हे मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं आणि चालवायला ते खरंच सुखाचं आहे. पण रेनॉल्ड्सच्या तीन गोष्टींत आता काय झालं पाहा. भार दुपटीहून वाढला. तो भार ज्या वेगाला पडतो, तो वेग निम्म्यावर आला. राहिला तेलाचा दाटपणा. पद्मिनीत २०डब्ल्यू-४० पडायचं. नव्या गाड्यांत इंधन वाचावं म्हणून ५डब्ल्यू-३०, काहींत ०डब्ल्यू-२०. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला सरकल्या. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी असते. ठोका बसण्याच्या क्षणी त्यातला तेलाचा थर जेमतेम एखाद्या मायक्रॉनवर येतो.

कंपन्यांना हे कळत नाही असं मुळीच नाही. कागदावर हिशोब बसलेला असतो, आणि मोकळ्या रस्त्यावर तो बसतोही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी सात वाजता बसत नाही.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मिस्त्रींनी मला अशा एका इंजिनाची बेअरिंगं दाखवली. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलेलं, कनेक्टिंग रॉड सुटे करून फडक्यावर ओळीने मांडलेले. प्रत्येक रॉडची दोन कवचं, वरचं आणि खालचं. खालची चारही सारखी, मंद करडी, नुकत्याच डबीतून काढल्यासारखी. वरच्या चारांच्या मधोमध करडा थर उडून खालचा तांबूस धातू दिसत होता, दोन बोटांएवढ्या पट्ट्यात. बोट फिरवलं तर कड लागत होती. कडेला ओरखडे मात्र नव्हते, म्हणजे धूळ किंवा घाण आत गेली नव्हती.

“साहेब, स्फोटाचा मार वरच्या कवचावर बसतो. खालचं फक्त ओढ खातं,” ते म्हणाले. “हा वरच्या गियरला रेटून रेटून झालेला मार आहे. गाडी सिग्नलवरून निघते, लगेच चौथा, पाचवा टाकतात आणि पुढे जागा दिसली की पाय दाबतात. फेऱ्या बाराशे, आणि वर टर्बो भरलेला. पळवणाऱ्यांचं एवढ्यात असं होत नाही.”

गाडीचा मालक तसा काळजी घेणारा होता, कधी रॅश चालवणारा नव्हता. पेट्रोल वाचेल म्हणून तो वरचा गियर धरून चालायचा. ऑटोमॅटिक गाड्यांत तर मालकाच्या हातीही ते नसतं. गियरबॉक्सच लवकर वर चढतो.

मंद फेऱ्यांवर भरलेल्या टर्बोचं आणखी एक दुखणं आहे. कधीकधी ठिणगीच्या आधीच सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टन वर येत असतानाच प्रचंड दाब त्याच्यावर आदळतो. तेलातली कॅल्शियमची रसायनं याला हातभार लावतात असं प्रयोगांत दिसलं. म्हणून २०१८ च्या मे महिन्यात एसएन प्लस आणि २०२० च्या मे महिन्यात एसपी हे तेलाचे नवे दर्जे आले. डब्यावर एसपी लिहिलेलं आहे की नाही, हे टर्बो गाडीच्या मालकाने स्वतः बघावं.

उपनगरात राहण्याचे स्वतःचे असे जाच वेगळेच. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्यामुळे अनेकांची गाडी घर ते भाजीबाजार, घर ते मुलांचा क्लास एवढीच उरली. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून तेलात मिसळतं आणि आधीच पातळ असलेलं तेल आणखी पातळ होतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत हे जास्त. त्यात तेल बदलण्याचा हिशोब किलोमीटरमध्ये. १५००० किलोमीटर हायवेवर ताशी ७५ च्या सरासरीने २०० तासांत होतात. ताशी २० च्या सरासरीने तेच ७५० तास. मीटर दोन्हीकडे एकच आकडा दाखवतो, तेलाने केलेलं काम जवळजवळ चौपट. माझ्या मते मुंबईत टर्बो गाडीचं तेल सात-आठ हजारांवर बदलायलाच हवं. पुस्तिकेत खडतर वापरासाठी दिलेली कमी मुदत असेल तर ती आपल्यासाठीच आहे असं समजावं.

आणि पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो दिवस सगळ्यांना आठवतो. पण अंधेरी आणि मिलन सबवे दरवर्षीच भरतात. टर्बो गाड्यांत हवा थंड करणारा इंटरकूलर बऱ्याचदा बंपरच्या मागे, खाली असतो. पाणी आत ओढलं गेलं तर ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पुष्कळ वाकला तर इंजिन तिथेच संपतं. थोडाच वाकला तर गाडी सुकवल्यावर सुरू होते, मालक सुटकेचा श्वास सोडतो, आणि बेअरिंग तेव्हापासून एका कडेने झिजू लागतं. काही महिन्यांनी इंजिन नॉक करू लागतं तेव्हा सबवेची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

घराण्याच्या स्वभावातही बदल झाला आहे. बेअरिंगवरचा शिशाचा मऊ थर त्याला माफ करायला शिकवत होता. युरोपने २००० साली मोटारींतल्या विषारी धातूंविरुद्ध कायदा केला आणि पुढच्या दशकभरात बेअरिंगांतून शिसं गेलं. ते जायलाच हवं होतं. त्याच्या जागी कथील, बिस्मथ, ॲल्युमिनियम-कथिलाचे कठीण थर आले. हे भार छान पेलतात, पण कचरा तितका रुतवून घेत नाहीत. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या इंजिनांमुळे दर सिग्नलला तेलाचा थर मोडतो आणि पुन्हा उभा राहतो. त्यासाठी २०१० नंतर बेअरिंगवर प्लास्टिकसारख्या पॉलिमरचा लेप देण्याची पद्धत आली.

सगळ्यात मोठा फरक मात्र गाळ्यातल्या फळीवर दिसतो. अनेक नव्या टर्बो इंजिनांच्या क्रँकचा फक्त पृष्ठभाग कठीण केलेला असतो, घासला तर तो कस निघून जातो. बेअरिंगं कारखान्यातच रंगाच्या ठिपक्यांनी निवडून जोडलेली. ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’च्या डब्या अशा इंजिनांसाठी निघतच नाहीत. क्रँक मापाबाहेर गेला की तो फेकायचा आणि अर्धं इंजिन नवं घ्यायचं. म्हणून त्या गाळ्यातले मिस्त्री आता टर्बो गाडीचं तेल बदलताना जुना फिल्टर करवतीने कापतात, आतला कागद पिळतात आणि उजेडात धरून बघतात. बारीक करडी चमक दिसली तर चेंबर उतरवून नुसती बेअरिंगं बदलतात. तो खर्च काही हजारांचा. तांबूस कण दिसले तर आधी क्रँकचं माप घ्यायला मायक्रोमीटर काढतात.